एका रेघेपायी

संगणकाच्या पडद्यावर चित्रं कशी उमटावीत, याचे नियम एका भल्यामोठ्या दस्तऐवजात लिहिलेले असतात. त्यातले इतर दस्तऐवजांकडे बोट दाखवणारे शिळे संदर्भ उपसायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, त्याला आता वर्षं लोटली. कुठे आवृत्ती रद्द झालेली, कुठे पत्ताच मेलेला. जुना काढा, नवा घाला, पुढे चला. तेही नोकरी सांभाळून, बिनपगारी. हे नियम ठरवणाऱ्या मंडळातले लोक त्यांना लाडाने 'केरवारे खातं' म्हणत; हातभार लावायला मात्र कुणी फिरकत नसे.

आज दुपारच्या ऑनलाइन बैठकीत काम मंजूर झालं की त्या सुटणार होत्या. अध्यक्षांनी तसं कबूलच केलं होतं.

"आज नक्की ना गं?" खोलीत डोकावत सासूबाईंनी विचारलं. "डोळ्यांच्या पार खाचा झाल्यात तुझ्या."

"नक्की, आई. हा शेवटचाच."

शेवटचा संदर्भ रेघेचा होता. चित्र मोठं केलं की त्यातली रेघही जाड व्हावी, की आहे तेवढीच राहावी? दस्तऐवज म्हणत होता, ते पानांची मांडणी ठरवणाऱ्या शेजारच्या गटाच्या नियमांत पाहा. बाईंनी तिथल्या नव्या आवृत्तीचा पत्ता घातला आणि सवयीने ती उघडली. तिथे लिहिलं होतं, हे चित्रांच्या नियमांत पाहा. आई म्हणते बाबांना विचार, बाबा म्हणतात आईला विचार, तशातली गत. जुन्या आवृत्तीत निदान एक धड वाक्य होतं; नवी करणाऱ्यांनी 'तिकडे असेलच' म्हणून ते गाळलेलं. आणि जुनी तर रद्द झालेली.

बाई डोकं धरून बसल्या. गप्प राहिलं तर? पत्ता जिवंत आहे, तपासणारा तेवढंच बघतो. पण उद्या कुणी नकाशा मोठा करील आणि एकाच्या पडद्यावर ओढा दिसेल, दुसऱ्याच्या पडद्यावर नदी.

"देवा, हे आजच दाखवायचं होतं का रे?" त्या पुटपुटल्या.

बैठकीत 'मंजूर, मंजूर' सुरू झालं, तेवढ्यात बाईंनी सगळं सांगून टाकलं.

"मारून न्यायचं की हो!" कुणीतरी हसलं.

अध्यक्ष खाकरले. "म्हणजे व्याख्या नव्याने लिहायची. शेजाऱ्यांशीही बोलायला हवं. आता तुमच्याइतकं यातलं कुणाला..."

"कळलं," बाई म्हणाल्या.

पडदा बंद केला, तर सासूबाई दारात उभ्या.

"सुटलीस?"

"नाही. उलट आणखी एक काम घेतलं."

"अगं, मग हो कशाला म्हणालीस?"

"दुसरं कुणी म्हणेना."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "केवढं लिहायचंय?"

"एक ओळ."

"एवढंच ना? मग टाक की आत्ता लिहून!"

"लिहीन हो," बाई डोळे चोळत म्हणाल्या. "पण त्या ओळीवर सगळ्यांचं एकमत व्हायला हवं, आई."