घंटीमावशीची खोटी घंटा

हे आत्ताच सांगायला पाहिजे, उद्यापर्यंत मला दम निघायचा नाही. दुपारी चांदूर रेल्वेहून कार्ड आलं, घंटीमावशी गेली. मार खायला आपल्या पायांनी जाणारी बाई तुम्ही पाहिलीय? मी पाहिलीय.

अकोटजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पंधरा. चर्चची घंटा मावशी ओढायची. रविवारची भराभर. मौतीची वेगळी: एक ठोका, मग दहा आकडे मोजायचे, मग दुसरा ठोका. ती ऐकली की कोण गेलं हे विचारत बसायचं नाही. पांढरे कपडे घालायचे, गीतांचं पुस्तक घ्यायचं, पुरुषांनी कुदळ-फावडं उचलायचं आणि थेट चर्च.

कुठं नवरा बायकोला बडवायला लागला की मावशी मधे उभी. "पयले मले मार. मले सवय हाय, तिले नाही." सवय खरीच होती. तिचा डावा कान नवऱ्यानंच फोडला होता, तो मरेपर्यंत मारतच होता. एकदा शिमोनकाकांचा बायकोवर उगारलेला हात वेळेत थांबला नाही, काठी मावशीच्या खांद्यावर बसली. मग आठवडाभर काका मान खाली घालून तिच्या घरी पाणी भरत होते, आणि ती त्यांना वरून सांगायची, घागर नीट घासून आण.

आता मुख्य गोष्ट. छप्पन सालानंतर गावातल्या बौद्ध लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. दोन दिवस रस्त्यात पडून फुगला. तिसऱ्या सकाळी पाटलाच्या पोरानं गडी घेऊन त्या बौद्ध लोकांतल्या नामदेवला घरातून फरफटत आणलं, बैलाच्या शिंगाला बांधलं आणि बंडीच्या कडेचा दांडा, उभारी, काढून मारायला सुरुवात केली. "वढ, नाही त याच्यासंगच कुज."

आमची घरं तिथून हाकेवर. चर्चचे पाळकसाहेब दारोदार सांगून गेले, आपण थोडे लोक, भांडणात पडू नका, प्रार्थना करा. आम्ही दारं लावली.

आणि मौतीची घंटा झाली.

अरे देवा, आपलं कोण गेलं? पांढरं लुगडं गुंडाळून मी धावले. शिमोनकाका कुदळ घेऊन आले. पाळकसाहेबांनी धापा टाकत विचारलं, कोण गेलं?

"अजून कोनी नाही," मावशी दोरी सोडत म्हणाली. "जाऊन राहिला. तिकडं, बैलापाशी. चला."

आणि ती चालायला लागली. आता पांढऱ्या कपड्यांत, हातात फावडं घेऊन माघारी कोण वळणार? सगळी घरं तिच्या मागे.

मयत येतेय असं वाटून तिथली गर्दी सवयीनं बाजूला झाली. एकानं तर टोपी काढली. पाटलाचा पोरगा गोंधळून म्हणाला, "मुर्दा कुठी हाय?"

मावशी नामदेवच्या डोक्यावर दोन्ही हात धरून खाली बसली. "पयले मले मार," ती म्हणाली.

त्यानं मारलं. तिची बोटं तुराट्यांसारखी मोडली, आवाज मी ऐकला. दुसरा फटका डोक्यात, केसांतून रक्त नामदेवच्या तोंडावर. तिसरा बसायच्या आत पाळकसाहेब, दारं लावा सांगणारे तेच, तिच्यावर आडवे झाले आणि पाठीवर घेतला. शिमोनकाकांनी कुदळ उगारली, तर खालून मावशी म्हणाली, "शिमोन, कुदय खाली ठेव." त्यांनी ठेवली आणि रिकाम्या हातांनी उभारी धरली. माझंही कपाळ फुटलं. पण एवढ्या सगळ्यांना मारता मारता पाटलाचा पोरगा आणि त्याचे गडी दमले आणि निघून गेले.

नामदेवचा एक डोळा गेला, जीव राहिला. पोलिसांनी विचारलं, कोणी पाहिलं? पंधराच्या पंधरा घरांनी साक्षीला आपली नावं दिली. अकोल्याच्या कोर्टात पाळकसाहेब सगळ्यांत आधी उभे राहिले.

तरी चर्चच्या पंचांनी तिच्याकडून दोरी काढून घेतली. खोटी मौतीची घंटा म्हणजे मेलेल्यांचा अपमान, म्हणे. मावशी एवढंच बोलली, "मेल्यावर त सारेच येता तुमी. म्या जिता असतानी बलावलं, एवढंच पाप झालं माह्यं." मग ती बहिणीकडे चांदूर रेल्वेला निघून गेली, ती परत आली नाही.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली. त्या सकाळी दार लावून मी खरंच गुडघ्यावर होते. नामदेवच्या किंकाळ्या प्रार्थनेत यायला लागल्या, म्हणून मी आवाज वाढवला. आपलं कोणी गेलं असं वाटलं नसतं, तर मी उठलेच नसते.

तुमच्याकडे झालंय का असं? खरं सांगा.