आत्तीनं पारखलेली मिरची

ब्रह्मदेवानं माणसं पृथ्वीवर पाठवण्याआधी त्यांचा नमुना आमच्या हिच्या आत्तीला दाखवला असता, तर निम्मा माल तिनं जागेवरूनच परत केला असता आणि उरलेला निम्मा चार शब्द सुनावूनच पदरात घेतला असता. मी त्या उरलेल्यांतला. कसबा बावड्यात राहणाऱ्या या बाईनं तीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. त्या काळात तिला लांबून येताना बघून किती दुकानदारांना अचानक घरी काम निघालं असेल, याची गणतीच नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून मंगळवार पेठेत कांदा-लसूण चटणीचा धंदा काढला. या धंद्यात वर्षभराची मिरची उन्हाळ्यात एकदाच भरून ठेवायची असते. ती फसली की वर्ष फसलं, आणि माझी नोकरी तर आधीच हातची गेलेली. म्हणून मी रात्रंदिवस खपून मिरचीवाले, खोबरेवाले, बरण्यावाले अशा सगळ्यांच्या दरांचा तक्ता तयार केला आणि मोठ्या ऐटीत आत्तीपुढं ठेवला. तिनं तो कागद उलटा केला आणि त्यावर लसूण सोलायला घेतला. "जावईबापू, दर कागदावर कळतोय. माणूस कळत न्हाय," ती म्हणाली, "उद्या सकाळी गाडी घिऊन या. आपुन बसून बघू."

बसून बघू म्हणजे अक्षरशः बसून. मिरचीच्या दुकानात शिरल्यावर पुढं मांडलेल्या नमुन्याच्या ताटलीकडं आत्ती ढुंकूनही बघायची नाही. थेट मागच्या पोत्यावर जाऊन बैठक मारायची, व्यापाऱ्यानं मागवलेला चहा घ्यायची, त्याच्या पोराबाळांची चौकशी करायची आणि दहा मिनिटांनी उठून लुगडं मागून चाचपायची. ओलसर लागलं की खेळ खलास. "वजनासाठी पाणी मारलंय! माजं लुगडं खोटं बोलत न्हाय!" हे ती पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, आणि पंधरा वर्षं ऑफिसात हळू आवाजात बोललेला मी पोत्यांच्या आड तोंड लपवायचो. खूश असलेल्या गिऱ्हाइकांची नावं कुणी सांगायला लागलं तर ती हातानंच थांबवायची. "त्ये ऱ्हाऊ दे. तुज्याकडनं घ्यायचं बंद केलेलं गिऱ्हाईक कोण हाय? त्येचा नंबर दे." बरण्यावाला या प्रश्नानं इतका गडबडला, की त्यानं स्वतःच्या मेव्हण्याचा नंबर दिला. मेव्हण्यानं अर्धा तास सगळं खरं सांगितलं. आम्ही बरण्या दुसरीकडून घेतल्या.

पण खरी परीक्षा भांडणाची. पसंत पडलेल्या माणसाकडून आत्ती एकच पोतं मागवायची आणि माल कितीही चांगला असला तरी दुसऱ्या दिवशी फोन करून, खराब निघाला, म्हणून तोंड सोडायची. मला हे अन्यायाचं वाटे. "ग्वाड बोलताना समदीच चांगली असत्यात की," ती म्हणायची, "भांडताना माणूस कसा हाय, ते आधी बघावं." एकानं लगेच देवीची शपथ घेतली, तो गेला. एकानं न बघताच दर कमी केला, तोही गेला. मग हातकणंगल्याचा एक शेतकरी, स्वतःची मिरची पिकवून विकणारा, भर उन्हात मोटारसायकलीवरून बावड्याला आला. त्यानं पोतं सोडलं, तळातली मिरची काढून कचाकचा चावली आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना म्हणाला, "आक्का, माल एक नंबर हाय. तुमची जीभ बिघाडल्या. पर नगं आसंल तर ह्यो चाललो बघा घिऊन." एवढा अपमान ऐकून आत्तीचा चेहरा उजळला. तिनं त्याला बळंबळं जेवायला वाढलं आणि तो हात धुवायला उठताच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्यो आपला."

खरोखरच तो आपला निघाला. तीन वर्षं आमच्या चटणीचा रंग आणि चव त्याच्या जिवावर टिकली. यंदा त्याचाच फोन आला. "औंदा माज्याकडनं घिऊ नगासा. पिकावर रोग पडलाय. दुसरीकडं बघा," असं त्यानं आपण होऊन सांगितलं. मी तसाच बावड्याला गेलो. आत्तीचे गुडघे दिवाळीपासून उचलत नव्हते. ती खुर्चीतूनच म्हणाली, "तुमीच जावा."

मी एकटा गेलो. पोत्यांवर बसलो, पॅन्ट चाचपली, तुटलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. एकाशी तर भांडलोसुद्धा. माझा आवाज मलाच ओळखू येईना. शेवटी एक माणूस ठरवला, पण वर्षाचा माल भरायचं धाडस होईना. म्हणून एक पोतं उचलून आत्तीकडं नेलं आणि तिच्यापुढं सोडलं. तिनं ना आत हात घातला, ना वास घेतला.

"भांडून बघितलासा?"

"बघितलं."

"मग भरा की. मला काय इचारतासा?"

इतक्या वर्षांत आत्तीनं माझं पहिल्यांदाच काही न तपासता मान्य केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला तर रडू येत होतं. वाटत होतं, तिनं काठी टेकत उठावं, या पोत्यावर बसावं आणि माल खराब आहे म्हणून सगळी गल्ली गोळा करावी.

"आत्ती, एकदा हात तरी घालून बघा की," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझं मन राखण्यासाठी एक मिरची उचलून नाकाशी धरली.