पूजेतली बंदूक

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सुभेदार सावंतसाहेबांचा. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. साहेबांनी पोस्टिंगवर मागे लागून माझ्याकडून बी.ए. करून घेतलं. शस्त्राची शिस्तही त्यांचीच. दसऱ्याला प्लाटूनमध्ये शस्त्रपूजा व्हायची, पण पूजेतल्या हत्यारांवरही पहाऱ्याला संत्री असायचा. आरती झाली की गिनती, कुंकू पुसून तेल, आणि हत्यारं परत शस्त्रागारात, कुलपाखाली.

"देव पूजेला, जवान पहाऱ्याला," साहेब म्हणायचे.

निवृत्त होऊन मी गोव्यात, माझ्या गावी केरीला परतलो. शेजारी अण्णा राहतात. त्यांचा मुलगा, नायक सुदेश, माझ्याच सेक्शनमध्ये होता. बागायतीत रानडुकरं येतात म्हणून अण्णांकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे. शेवटच्या सुट्टीत सुदेशने तिला चामड्याचा पट्टा शिवला. त्यानंतर तो आला तो तिरंग्यात.

गेल्या दसऱ्याला बंदूक नेहमीसारखी पूजेत होती. संध्याकाळी सगळं घर तरंगं, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, बघायला देवळात निघालं. दाराला नुसती कडी.

"अण्णा, बंदूक कपाटात ठेवा."

"पूजेतली आज हलवची नाय रे. देव आसा मरे राखूक."

देवाला संत्री ड्युटी लावून आम्ही सगळे निघालो. परत आलो तेव्हा पाटावर नारळ होता, बंदूक नव्हती.

"परवानो गेलो तर जावंदे," अण्णा म्हणाले. "पट्टो माझ्या झिलान शिवललो."

चोर वाडीतलाच निघाला. बंटी. हरमलला पर्यटकांना मोटारसायकली भाड्याने देतो. त्याच संध्याकाळी तो अण्णांच्या हातात आपट्याचं पान देऊन पाया पडून गेला होता. पुढच्याच आठवड्यात या वीराने बंदूक खांद्याला लावून फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. दस्त्यावर पूजेचं कुंकू तसंच होतं. चोरलेली वस्तू पुसायचीही अक्कल नाही. मी फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

पोलिसांनी त्याच्या खोलीतल्या गादीखालून बंदूक काढली तेव्हा ओळखीसाठी मी सोबत होतो.

"कोणाची?" हवालदाराने विचारलं.

"आजोबांची."

"आजोबा खय आसत?"

"वारले. धा वर्सां झाली."

"मगे ह्या वर्सा दसरो कोणी केलो? आजोबांनी?"

बंटी खाली बघत म्हणाला, "मजा म्हणून नेली."

माझ्यावर गोळ्या झाडणारे शत्रू मी पाहिले आहेत. त्यांना निदान हत्याराची किंमत कळत होती.

बंदूक कोर्टातून सुटली त्या आठवड्यात मी साहेबांना लिहिलं:

"साहेब, जय हिंद. अण्णांची बंदूक परत मिळाली. नळीत रेती होती, ती साफ केली. पट्टा शाबूत आहे. नाल्यातून आपण सुदेशला उचललं, तेव्हा रायफलचा पट्टा त्याने मनगटाला गुंडाळलेला होता. तो तुम्ही सोडवलात. हे मी अण्णांना आजवर सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ते बराच वेळ पट्टा हातात धरून बसले. यंदाही बंदूक पूजेत असेल. संत्री मी आहे."