सरपणाचा आकडा

खव्याच्या भट्ट्यांची पाहणी करायचं काम मला कंत्राटावर मिळालं. केज तालुक्यातली गावं दुचाकीवर पालथी घालायची, कोणत्या भट्टीवर रोज किती सरपण जळतं ते विचारून मोबाइलवर भरायचं. धूर आणि झाडतोड कमी करायला नवा नियम येणार होता. ठरावीक वजनापेक्षा जास्त लाकूड लागणाऱ्या भट्टीनं गॅसवर जायचं, नाहीतर बंद करायची. नियम मला पटत होता, अजूनही पटतो. भट्ट्यांच्या भोवतालचे बांध बोडके झालेले मी रोज बघत होतो.

भट्टीवाल्यांना कुणकुण लागलेली होती. कढईखाली बाभळीचे ओंडके धडधडत असायचे आणि मालक सांगायचा, "काटक्याकुटक्यावर भागतंय सर."

एका गावात साठीच्या आसपासची एक बाई भट्टी चालवायची. नवरा वारल्यावर तिनं आणि सुनेनं धंदा धरून ठेवला होता. शेजारच्या दहा-बारा घरांचं दूध तिच्याकडं यायचं. मी गेलो तेव्हा ती लांब दांड्याच्या उलथन्यानं दूध घोटत होती. हात न थांबवता तिनं मलाच विचारलं, "खरं सांगितलं तर भट्टी बंद व्हईल का?"

"नाही मावशी. उलट ज्यांचं सरपण जास्त, त्यांना गॅसच्या भट्टीसाठी आधी मदत मिळणार. खरं तेच सांगा."

मदतीचं असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, तेव्हा साहेब "बघू" म्हणाले होते, तेवढंच. पण आठवडाभर खोटं ऐकून मी वैतागलो होतो, मला एक तरी खरा आकडा पाहिजे होता. तिनं सांगितला. रोज दोन क्विंटल, लग्नसराईत तीन. मी भरला आणि तिची सही घेतली.

दोन दिवसांनी त्याच गावातल्या माझ्या मामांच्या भट्टीवर गेलो. तिथं तिच्या दुप्पट लाकूड जळत असेल. हे काम मला मामांच्याच शब्दावर मिळालेलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तुला दिसतंय तसं लिही." मी मोबाइल काढला आणि मर्यादेच्या आतला आकडा लिहिला. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

त्या गावात नोटीस आली ती एकटीलाच. ती कागद घेऊन बीडला कार्यालयात आली. मी तिला तिथं जिन्यात भेटलो. "तुमी तर मदत मिळंल म्हनले व्हते," एवढंच बोलली. मी "वरून आलं नाही अजून" म्हणालो आणि घाईत असल्यासारखा खाली उतरलो. महिन्याभरात तिची भट्टी बंद झाली. तिच्याकडं येणारं दूध मामांकडं जायला लागलं.

पुढच्या दिवाळीत मामांकडं गेलो तर भट्टीपाशी ती बसलेली. कढया घासत होती. मी तिथंच उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं, मामांचा आकडाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तुमच्या मामानंच सांगितलं. हासत हासत."

"मी कार्यालयात खरं लिहून देतो, मावशी."

"आता कावून? ही बी बंद पडली तर मी आन् सून कुठं जावं? तवा लिवायचं व्हतं." तिनं राखेचा हात पुन्हा कढईला लावला.

मी लिहून दिलं नाही. तिच्यासाठी दिलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. खरं तर मामांना तोंड द्यायची माझी छाती नव्हती.

यंदा बायकांच्या गटांना गॅसच्या भट्ट्या द्यायची योजना खरोखरच आली. मी अर्ज घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं, कागद उलटसुलट बघितला.

"ह्यो अर्ज तुमी भरनार का?"

"हो."

"मग न्हाई. कागद ठिवा, सून भरील."

सुनेनं तो माझ्यासमोरच भरला. एका रकान्यात अडली तेव्हा मी पुढं वाकलो, तर तिनं अर्जावर हात आडवा धरला आणि शेजारणीला हाक मारली.