कवळीचं औषध

लॉजवर खोली घेतली की मी सामान ठेवायच्या आधी बाथरूममध्ये शिरते आणि तिथल्या प्रत्येक बाटलीचा वास घेते. ओळख पटली नाही तर बाटली उचलून थेट काउंटरवर नेऊन ठेवते. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघतो. बघू दे. मुरबाडच्या त्या सकाळी माझी कशी पाचावर धारण बसली होती, ते त्याला काय ठाऊक!

ओळखीचे लोक विचारतात, तुमच्या शहापूर-मुरबाडकडं राहायला जायचंय, लॉजवर साबण-बिबण मिळतो का? मिळतो हो. बर्फीच्या तुकड्याएवढा असतो, कागदाला पाणी लागलं की कागद साबणालाच चिकटून बसतो. शाम्पूची पुडी मिळते, ती दातांनी फाडायची. टॉवेल मिळतो, तो आधी कशाकशाला वापरलाय ते विचारायचं नाही. टूथपेस्ट मागितली तर कुणीतरी समोरच्या दुकानातून आणून देतं आणि अगदी मनापासून देतं, त्यात खोट नाही. पण कोपऱ्यात, बादलीमागं, फळीवर जे आधीपासून ठेवलेलं असतं, त्याला हात लावू नका. माझं बाकी काही ऐकू नका, एवढं ऐका.

आईचं वर्षश्राद्ध होतं. गाव मुरबाडच्याही पुढं, आणि आम्ही आसनगावला. आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडं घेऊन आले होते, त्यामुळं गावचं घर वर्षभर बंद. मोरीवरचे पत्रे वाऱ्यानं उडालेले, नळाला पाणी नाही. श्राद्ध सकाळी लवकर, आणि बाबांना पहाटे उठवून एसटीत बसवणं काही खरं नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मुरबाडला जाऊन लॉजवर राहायचं ठरवलं.

बाबा भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस. रोज दाढी, रोज इस्त्रीचा सदरा. दोन गोष्टी मात्र त्यांच्या हातातून गेल्या होत्या. एक म्हणजे दात. वरखाली पूर्ण कवळी. आणि दुसरं नाक. त्या साथीच्या वर्षात ताप येऊन गेला, तेव्हापासून त्यांना वास म्हणून येत नाही. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे आपले पेपर वाचत बसलेले!

रात्री कवळी काढून ग्लासात ठेवायची आणि त्यात एक गोळी टाकायची. गोळी फसफसते, पाणी गढूळ होतं आणि सकाळपर्यंत कवळी स्वच्छ होते. त्या गोळीला आमच्या घरात 'कवळीचं औषध' म्हणतात. रोज रात्री बाबा आतून हाक मारणार, "गो, औषद घातलास का?" आणि मी ओट्यापाशी भांडी आवरता आवरता ओरडणार, "घातलं!"

आता हे औषध म्हणजे आमच्याकडं एक मोठंच गौडबंगाल आहे. डॉक्टर देतो ते औषध. भातावर मारतात तेही औषध, उंदरांना घालतात ते औषध, मोरीत ओततात तेही औषध. आणि 'अमका औषध प्यायला' असं म्हटलं की त्याचा एकच अर्थ. कसलं औषध, असं मग कुणी विचारत नाही. ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो.

शहापूरहून एसटीत बसलो तेव्हापासून बाबा गप्प होते. खिडकीतून नुसते बघत होते. मुरबाड जवळ आलं तसे म्हणाले, "वरीस झाला गो तिला. आता माझा पण नंबर लावा म्हणावं." मी फाडकन बोलले, "गप बसा बाबा, भलतंसलतं बोलू नका. उद्याचा दिवस काय आणि तुमचं काय चाललंय!" म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते तिथंच सोडून दिलं.

लॉज साधाच होता. खाली खानावळ, वर खोल्या. मालकीणबाई प्रेमळ होत्या. बाबांचा हात धरून त्यांनी त्यांना जिना चढवला, खोली उघडून दिली, दोन साबण दिले, वर धुतलेला टॉवेल दिला. खोलीत मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून भटजींना फोन करायला मी खाली रस्त्यावर गेले. परत आले तर बाबा खाटेवर आडवे झालेले, कवळी काढलेली. मीही दमले होते, तोंडही न धुता आडवी झाले. एका रात्रीपुरतं साधं पाणी चालेल म्हणून गोळ्या घरीच राहू दिल्या होत्या. बाबांनी मला औषधाचं विचारलं नाही, आणि मला वाटलं, आज विसरले.

सकाळी जाग आली ती आवाजानं. बाथरूममध्ये बाबा ओकाऱ्या काढत होते. मी दाराशी धावले तर आतून कडी. "बाबा! बाबा, दार उघडा!" नुसता घशातून घरघर आवाज. दाराच्या फटीतून फिनेलचा भपकारा आला. मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. कडी निघायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. त्या वेळात मी काय काय नवस बोलले ते माझं मलाच माहीत.

दार उघडलं. बाबा भिंतीला धरून उभे. ओठ पांढरेफटक, हनुवटीवरून लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी. बेसिनवर ग्लास, त्याच्या तळाशी दुधासारखं पांढरं पाणी. खाली कोल्ड्रिंकची एक जुनी बाटली, टोपण काढलेली, अर्धीअधिक रिकामी.

"बाबा, हे काय केलंत?"

त्यांनी तोंड उघडलं. दात नाहीत, जीभ भाजलेली. कसंबसं बोलले, "औषद... औषद घेतला."

आरडाओरडा ऐकून मालकीणबाई वर आल्या, ग्लास बघितला, बाटली बघितली आणि छाती पिटत जिन्याकडं धावल्या, "अगो बाय! म्हातारबाबा औषद प्यायले! रिक्षा बोलवा रे!" आणि तो शब्द खाली पोचला. खानावळीत चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. कुणी म्हणालं नाय नाय, काय पाजू नका, डॉक्टर गाठा. मी कुणाचंच न ऐकता बाबांना रिक्षात घातलं. त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते, कारण हात काढला तर श्वास थांबेल असं मला वाटत होतं.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना लगेच आत घेतलं. मी दारात उभी. नर्सबाई माझ्यापाशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घरात काय बोलणं झालं होतं का? काय टेन्शन?"

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. माझ्या बापाबद्दल असं विचारायची तुमची हिंमत कशी झाली, म्हटलं असतं. पण एसटीतलं ते वाक्य कानात वाजत होतं. आता माझा पण नंबर लावा म्हणावं. आज आईचं वर्षश्राद्ध. आतून कडी. मी हिशोब मांडत गेले आणि सगळं जुळत गेलं. वर्षभर माझ्याकडं ते गप्प गप्प असायचे, जेवण अर्धं ठेवायचे, ते सगळंही आठवायला लागलं. बाबा जातील याची भीती होतीच, पण ते स्वतःहून निघाले होते, माझ्या घरातून, माझ्या हातचं खाऊन, ही भीती त्याहून मोठी होती. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

"पोलिसांना कळवायला लागतं असं असलं की," नर्सबाई म्हणाल्या. मी मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाई. रडत होत्या. "ताई, बाबांचे दात बादलीत गावलेत हो. नुसता फिनेलचा वास मारतोय त्यांना."

मला काही कळेना. "दात बादलीत कसे?"

"काय माहीत! पन ताई, काल तुमी खाली फोनवर होत्या ना, तवा बाबांनी मला इचारला, औषद कुठं हाय? मी बोलले, मोरीत बादलीमागं ठेवलाय, पान्यात टाकून वापरा. मला वाटला, सकाळी श्राद्धाला जायचाय, म्हातारी मानसं सोवळ्याची असतात, त्यांना मोरी धुवायची असंल. माझ्याच तोंडानं सांगितला हो मी!"

मी फोन तसाच हातात धरून आत शिरले. डॉक्टर बाबांच्या तोंडात बॅटरी मारून बघत होते. "हिरड्या आणि जीभ भाजलीय," ते म्हणाले. "थोडं पोटात गेलंय, आज इथंच ठेवू. पण हे प्यायलेले नाहीत. प्यायले असते तर घसा असा राहिला नसता."

"बाबा," मी म्हटलं, "काल रात्री तुम्ही ग्लासात काय..."

"सांगतोय ना मगासपासून," बाबा बोबडं बोलत चिडले. "औषद घातला! कवळीवर घातला. पानी पांढरा झाला, रोजच्यासारखा. सकाळी विसळली नि लावली तर आग आग आग. काढून फेकली."

घातला. बाथरूमच्या दारात मी 'घेतला' ऐकलं होतं. रात्रभर कवळी फिनेलात भिजत होती, आणि ज्याला वास येत नाही त्या माणसानं ती उचलून तोंडात घातली होती.

नर्सबाईंनी तरी विचारलंच, "आजोबा, खरं सांगा हां, मनात काय वाईट नव्हतं ना?"

"मराचाच असता," बाबा म्हणाले, "तर कवळी कशाला धुतली असती गो?"

नर्सबाई हसल्या, डॉक्टर हसले. मीही हसायला गेले आणि हसता हसता मला हुंदका आला, तो थांबेना. बाबा माझ्याकडं बघत राहिले. "तुला काय वाटला?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

श्राद्ध आम्ही पुढं कधीतरी केलं. भटजींनी समजून घेतलं. मालकीणबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेज घेऊन आल्या. त्यांच्यावर मी रागावू शकले नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. बाबांची नवी कवळी झाली. तिची गोळी आता मी त्यांच्यासमोर टाकते आणि पाकीट दाखवते.

एकच गोष्ट बदलली. बाबा जन्मभर बाथरूमला कडी लावणारा माणूस. लहानपणी आम्ही चुकून दार ढकललं तरी आतून ओरडायचे. दवाखान्यातून आल्यापासून मात्र ते कडी लावत नाहीत. दार नुसतं लोटून घेतात आणि आत असेपर्यंत उगाच खाकरत राहतात. एकदा घरात पाहुणे होते, म्हणून मी म्हटलं, "बाबा, कडी लावत जा की."

"राहू दे," ते म्हणाले. "तू बाहेर उभी असतेस."