काकूंच्या झुडपाचं दुसरं बारसं

पनवेलच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. शेजाऱ्यांच्या मते, कुंडीतला मोगरा का फुलत नाही हे फुकटात सांगणारी बाई! कर्नाळ्याकडच्या कातळावर पांढऱ्या फुलांचं एक दुर्मीळ झुडूप आहे. ते माझ्या सरांनी शोधलं आणि त्याला काकूंचं, म्हणजे स्वतःच्या बायकोचं नाव दिलं. ‘‘बांगड्या मागितल्या, तर म्हणे झुडूप घे!’’ असा काकूंचा टोमणा अजून चालू असतो. पण घरी येणाऱ्याला आधी त्या झुडपाचा फोटो बघावा लागतो, मग चहा.

यंदा आम्ही त्याचा डीएनए तपासला आणि झाली पंचाईत. शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा असतो, दुसरा स्वतःच्या नावासारखा. आमचं झुडूप निघालं भलत्याच घराण्यातलं, तेव्हा आडनाव बदलणं आलंच. पण त्या नव्या घरात काकूंच्या नावाची एक आफ्रिकन बाई, म्हणजे तिकडचं एक झुडूप, आधीपासून नांदत होती! एका घरात एकाच नावाच्या दोघी चालत नाहीत, असा आमच्यात कडक नियम. म्हणजे काकूंचं नाव जाणार.

पहिलं नाव देणारा हयात असेल, तर नवं नाव त्यालाच विचारायचं अशी रीत आहे. म्हणून विचुंब्याला सरांच्या फ्लॅटवर गेले.

सरांनी पोह्यांची बशी बाजूला ढकलली. ‘‘हिचं नाव काढणार? मी मेल्यावर काय ते काढा!’’

‘‘सर, नियम तुम्हीच शिकवलात ना?’’

‘‘खड्ड्यात गेला नियम!’’

आतून काकू ओरडल्या, ‘‘अहो, केवढा तो आरडाओरडा! माझं माहेरचं नाव द्या की. लग्नात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून तुम्हीच तर ते बदललंत.’’

मी तर उडालेच. इतकं सोपं! ‘‘सर, काय होतं माहेरचं नाव?’’

कुठल्याही झाडाची जुनी नावं घडाघडा सांगणारा हा माणूस पंख्याकडे बघत बसला. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

त्यांनीच नाव सांगितलं. ‘‘आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक नाही मारली गं,’’ म्हणाल्या.

सरांनी अडखळत ते नाव घेतलं.

‘‘ओ,’’ काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यानंच त्यांना रडू आलं.