जंगलासाठी दोन वॉकीटॉकी

बाबा गेल्यानंतर वर्षभराने आई आमच्याकडे सिंगापूरला आली, ती अट घालूनच. "मला मनासारखं फिरायला मिळालं तर राहीन. नाहीतर मी आपली पुण्याला बरी." बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, पोहायचा तलाव होता, जिम होती, पण आईच्या लेखी ती सगळी शोभा. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई ती, कुंडीतल्या झाडांवर तिचं समाधान होईना. मग एका रविवारी मी तिला मॅक्रिचीच्या जंगलात नेलं आणि ती तिथे रमली. मला हायसं वाटलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

अडचण एवढीच, की आमची चाल जुळत नव्हती. मी तरातरा चालणार, ती प्रत्येक नेच्यापाशी थांबून पान उलटं करून बघणार. मी शेजारी उभा राहिलो की माझी चुळबुळ सुरू होई आणि तिचा विरस. "तू हो पुढे," ती म्हणे. मी पुढे जाई आणि लगेच फोन लावत बसे. तिचा फोन पर्सच्या तळाशी, तोही सायलेंटवर. बाबा ध्यानीमनी नसताना गेले. तेव्हापासून घरच्या कुणी फोन उचलला नाही की मला वाईटच सुचे. शेवटी मी ठरवलं, दोन वॉकीटॉकी घ्यायचे.

आता माझ्यासारखा इंजिनिअर साधा कुकरही अभ्यासाशिवाय घेत नाही. मी अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या वेबसाइट वाचायला लागलो. दाट रानात हरणामागे फिरणारी ही माणसं या विषयावर तावातावाने भांडतात. ओली पानं रेडिओच्या लहरी कशा खातात, मध्ये टेकडी आली की आवाज कसा मरतो, कमी फ्रीक्वेन्सी झाडीत बरी की जास्त, हे सगळं मी ऑफिसात लंचला बसून वाचलं. बायको म्हणाली, "शिकार कसली करणार आहेस? इथे डासाशिवाय मिळणार काय?" तेवढ्यात कळलं, की सिंगापुरात परवान्याशिवाय वापरायचा तर कमी ताकदीचाच सेट घ्यावा लागतो. माझा निम्मा अभ्यास वाया गेला.

दुकानात आईला बरोबर घेऊन गेलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात दहा किलोमीटर लिहिलेलं होतं. मी दुकानदाराला विचारलं, जंगलात किती? तो हसला. "जंगल व्हेअर गॉट टेन? वन ऑल्सो लकी, लाह!" म्हणजे झाडीत एक किलोमीटर मिळालं तरी नशीब. मी वॉटरप्रूफ आहे का, बॅटरी किती टिकते, अँटेना केवढी, असं विचारत राहिलो. आई मात्र एकेक सेट हातात धरून बघत होती. एक तिने लगेच खाली ठेवला, "हा काय वरवंटा?" दुसऱ्याची बटणं चष्म्याशिवाय दिसेनात. मला जीपीएसवाला हवा होता. त्याच्या पडद्यावर ती कुठे आहे ते मला सतत दिसलं असतं.

"म्हणजे मी न बोलताच तुला कळणार?" आईने विचारलं.

"हो ना. काळजीच नको."

"मग बोलायचं कशाला? मी काय हरवलेली बॅग आहे?"

तिने साधा सेट निवडला, हलका, एकच मोठं बटण असलेला. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हण, असं मी शिकवलं. 'ओव्हर' म्हणायला तिने साफ नकार दिला. ती फोनवर बोलायची तशीच बोलणार होती.

पहिल्याच रविवारी मी वाटेवरच्या एका छपरीत तिची वाट बघत बसलो होतो. ती मागे रेंगाळली होती, आणि तिच्या थोडं पुढे रस्त्याला फाटा होता. एक वाट माझ्याकडे येत होती, दुसरी जंगलाबाहेर बसस्टॉपकडे. सेट खरखरला. "अरे, इथे एका झाडाची मुळं बघ, काय सुंदर पसरलीत! बरं, येते हं मी."

येते म्हणाली, म्हणून मी थांबलो. पाणी प्यायलो, माकडं बघितली. आई येईना. बटण दाबून हाका मारल्या, पलीकडे काहीच नाही. मग मी उलटा पळत सुटलो. फाट्यापाशी ती नव्हती. मुळं होती. सकाळची वर्दळ ओसरली होती, आणि मी मराठीत "आई, आई" ओरडत पळत होतो, त्याची लाज वाटायलाही मला सुचत नव्हतं. ती पडली असेल, चक्कर आली असेल. बाबांच्या वेळी उशिरा पोचलो होतो, आताही उशीर झाला, असंच डोक्यात घुमत होतं.

धापा टाकत दुसऱ्या वाटेने बाहेर आलो, तर आई बसस्टॉपवर बसून केळं खात होती. सेट मांडीवर, बंद.

"बंद का केलास?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बोलणं झालं होतं ना. बॅटरी कशाला जाळायची?"

"तू येते म्हणालीस! मी तिथे थांबलो!"

"अरे, निघताना येते म्हणतात. जाते कसं म्हणू? मी या वाटेने घरी निघाले होते, म्हणून तुझा निरोप घेतला."

मला हे कळायला हवं होतं. पण भीती गेली की मला राग येतो, तसा तो आला. मी म्हणालो, बस झालं, उद्याच जीपीएसवाला आणतो, आणि यापुढे एकटीने जायचं नाही. बोलतानाच मला कळत होतं, की अशाने ती पुण्याला परत जाईल. तरी माझं तोंड थांबत नव्हतं.

आईने केळ्याची साल पिशवीत ठेवली, हात पुसले.

"तूही विमानतळावर 'येतो' म्हणूनच निघालास," ती म्हणाली. "दोन वर्षांसाठी म्हणून. इतकी वर्षं झाली. मी आणि तुझ्या बाबांनी वाट बघितली. तुझ्यावर पाळत नाही ठेवली."

ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. माझे डोळे भरून आले आणि मी रस्त्याकडे बघत बसलो. बस आली, गेली. आम्ही दोघंही उठलो नाही. मग तिने विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

"तू सांगशील तेव्हा," मी म्हणालो.